मुरुमांच्या गोळ्या चालू असताना लेझर करायचं का, आणि करायचं तर कसं

"गोळ्या चालू आहेत, लेझर केलं तर चालेल का?" हा प्रश्न मी रोज ऐकते आणि त्याला दोनच उत्तरं सगळीकडे फिरत असतात, एक "अजिबात नाही, सहा महिने थांबा" आणि दुसरं "काही होत नाही हो, करून टाका". दोन्ही अर्धवट आहेत, कारण कुठली गोळी आणि कुठलं लेझर हे कोणी विचारलेलंच नसतं. मी स्किनच्या डॉक्टरांच्या हाताखाली लेझर रूममध्ये काम करते, स्वतः डॉक्टर नाही, त्यामुळे इथे कोणाचं प्रिस्क्रिप्शन बदलायला सांगणार नाही, पण डॉक्टरांसमोर बसायच्या आधी तुम्हाला काय माहीत असायला हवं आणि काय विचारायला हवं ते नीट सांगते.

आधी गोळी कुठली ते बघा

स्ट्रिप उलटी करा आणि मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव सोडून खाली बारीक अक्षरात औषधाचं नाव असतं ते वाचा. सोट्रेट, ट्रेटिव्हा, आयसोट्रोइन अशी नावं वेगवेगळी असली तरी आत एकच औषध आहे, आयसोट्रेटिनॉइन. "सहा महिने थांबा" हा सगळा नियम याच औषधाबद्दल आहे. बाकीच्या गोळ्यांना तो लागूच होत नाही, आणि तरी डॉक्सीसायक्लिन (मुरुमांसाठी देतात ती अँटिबायोटिक) खाणाऱ्या मुलीसुद्धा सहा महिने थांबून बसलेल्या मी बघितल्यात.

डॉक्सीसायक्लिनचा प्रश्न वेगळा आहे. ही गोळी चालू असताना ऊन जास्त लागतं, म्हणजे नेहमी ज्या उन्हात काही होत नाही त्याच उन्हात चेहरा लाल होतो, आग होते, काळवंडतो. हे उन्हातल्या अतिनील किरणांमुळे होतं, आणि केस काढायच्या लेझरचे किरण त्या पट्ट्यात येत नाहीत, अलेक्झांड्राइट ७५५ नॅनोमीटर, डायोड साधारण ८१०, एनडी याग १०६४. म्हणजे गोळी आणि लेझर यांची थेट टक्कर होत नाही, पण गोळीमुळे टॅन झालेल्या त्वचेवर लेझर मारलं की ते केसाऐवजी त्वचेच्याच रंगात शोषलं जातं आणि भाजतं. म्हणून डॉक्सीसायक्लिन घेताना लेझर करायचं असेल तर आधीचे दोन-चार आठवडे ऊन कडक टाळायचं, चेहरा टॅन दिसत असेल तर तारीख पुढे ढकलायची. बरेच डॉक्टर सेशनच्या आधी काही दिवस गोळी थांबवायला सांगतात, तसं सांगितलं तर तसंच करा. मिनोसायक्लिनमध्ये उन्हाचा त्रास कमी, पण खूप महिने घेतली तर काहींना निळसर करडे डाग पडतात, तसे डाग दिसले तर लेझरच्या आधी डॉक्टरांना दाखवा. अॅझिथ्रोमायसिनला सहसा अशी अडचण नसते.

पीसीओएसमध्ये (बायकांमधला हार्मोनच्या बिघाडाचा त्रास) हनुवटीवरच्या केसांसाठी आणि मुरुमांसाठी स्पायरोनोलॅक्टोन किंवा हार्मोनच्या गोळ्या देतात. त्या घेताना केसांचं लेझर करता येतं, उलट आतून हार्मोन आटोक्यात असतील तर लेझरचा उपयोग जास्त टिकतो. फक्त हार्मोनच्या गोळ्यांनी काही बायकांना वांग येतात, आणि ज्यांच्या गालावर आधीच वांग आहेत त्यांनी तिथे उष्णता देणारं कुठलंही लेझर किंवा आयपीएल (लेझरसारखा प्रकाशाचा झोत मारणारं मशीन) घाईने करू नये, वांग अजून गडद होतात.

सहा महिन्यांचा नियम आला कुठून

आयसोट्रेटिनॉइनला अमेरिकेत १९८२ मध्ये मंजुरी मिळाली. त्यानंतर थोड्याच वर्षांत काही डॉक्टरांनी लिहिलं की ही गोळी घेणाऱ्या किंवा नुकतीच बंद केलेल्या पेशंटना डर्माब्रेजन (त्वचेचा वरचा थर घासून काढणं) केल्यावर किंवा त्या काळातलं आर्गॉन लेझर केल्यावर जखम भरायला वेळ लागला आणि जाड, उंच व्रण आले. पेशंट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, पण चेहऱ्यावर असा व्रण ही काही छोटी गोष्ट नाही, त्यामुळे सगळ्यांनीच खबरदारी घेतली आणि "गोळी बंद केल्यावर सहा महिने काहीच नाही" असा नियम पडला. औषधाच्या माहितीपत्रकात तो आजही छापलेला असतो.

भीतीला कारणही होतं. त्वचेचा वरचा थर खरवडला गेला की नवीन त्वचा बऱ्याच अंशी केसाच्या मुळातून आणि त्याला लागून असलेल्या तेलग्रंथीच्या भागातून उगवून वर येते, आणि आयसोट्रेटिनॉइनचं कामच तेलग्रंथी लहान करणं हे आहे. मग जखम भरणार कशी, हा विचार बरोबरच होता.

पण मधल्या काळात मशीनं बदलली आणि नियम तोच राहिला. शेवटी २०१७ मध्ये अमेरिकेतल्या त्वचा-शल्यतज्ज्ञांनी सगळे जुने-नवे अभ्यास एकत्र करून बघितले आणि सांगितलं की केस काढायचं लेझर, रक्तवाहिन्यांवरचं लेझर, वरवरचे केमिकल पील (रसायन लावून त्वचेची साल काढणं) आणि फ्रॅक्शनल लेझर (ठिपक्याठिपक्यांनी मारलेलं) यांच्यासाठी सहा महिने थांबवावं इतका पुरावा नाही. त्याच वर्षी आपल्याकडच्या असोसिएशन ऑफ क्युटेनियस सर्जन्स ऑफ इंडिया या संघटनेनेही भारतीय डॉक्टरांसाठी याच धर्तीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. हे महत्त्वाचं आहे कारण आपली त्वचा गव्हाळ-सावळी, डाग पटकन धरणारी, गोऱ्या त्वचेवरचे निष्कर्ष आपल्यावर जसेच्या तसे लावता येत नाहीत.

मग अजूनही नाही कशाला म्हणायचं? मशीनने केलेलं खोल डर्माब्रेजन, खोल केमिकल पील आणि चेहऱ्याचा पूर्ण थर एकसलग जाळून काढणारं लेझर, ज्याला फुल्ली अब्लेटिव्ह म्हणतात. हे गोळी चालू असताना आणि बंद केल्यावर सहा महिन्यांच्या आत करू नये असंच बहुतेक तज्ज्ञ सांगतात. इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण नावात गोंधळ होतो. सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेझर हे एकच नाव दोन्हीला लागतं. फ्रॅक्शनल सीओटूमध्ये लेझर ठिपक्यांच्या रांगोळीसारखं त्वचेवर ठिपके पाडतं आणि दोन ठिपक्यांच्या मधली त्वचा शाबूत राहते, तिथूनच जखम भरून येते. फुल्ली अब्लेटिव्हमध्ये मधे काही शिल्लकच राहत नाही. म्हणून "सीओटू करणार" एवढंच सांगितलं तर थांबा आणि विचारा, फ्रॅक्शनल आहे का?

खरा धोका पार्लरमध्ये

आता जे मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचंय ते. आयसोट्रेटिनॉइन चालू आहे म्हणून लेझर टाळायचं आणि त्याऐवजी अपरलिपचं वॅक्सिंग करून यायचं, हे इतक्या मुली करतात की काय सांगू, आणि हे अगदी उलटं आहे. या गोळीने त्वचेचा वरचा थर पातळ आणि नाजूक होतो, वॅक्सची पट्टी ओढली की केसांबरोबर सालही निघते. एक मुलगी आली होती, गोळी सुरू होऊन दोन-तीन महिने झालेले, एका ठिकाणी गोळीमुळे लेझरला नाही म्हणाले म्हणून ती वॅक्सिंग करून आली. स्कार्फ बाजूला केला तर नाकाखाली पट्टीच्या मापाचा ओला लाल चकचकीत पट्टा, कडेने पिवळट खपली धरलेली, बोलताना ओठ ताणला की डोळ्यात पाणी येत होतं. जखम आठवडाभरात भरली पण तिथे मिशीसारखा तपकिरी डाग उरला आणि तो जायला महिने लागले. जे केस लपवायला गेली त्यापेक्षा तो डाग जास्त दिसत होता.

म्हणून आयसोट्रेटिनॉइन घेताना आणि बंद केल्यावर सहा महिने चेहऱ्याला वॅक्स नाही, कटोरी वॅक्स नाही, पील-ऑफ मास्क नाही, घरचं स्क्रब नाही. हातापायांचं वॅक्सिंगसुद्धा नकोच. भुवयांचं थ्रेडिंग बऱ्याच जणींना सोसतं, पण त्वचा सोलवटत असेल तर तेही थांबवा. केसांसाठी सगळ्यात सुरक्षित म्हणजे ट्रिमर किंवा स्वच्छ रेझर. रेझरने केस जाड होतात ही समजूत खोटी आहे, केसाचं टोक बोथट कापलं जातं म्हणून हाताला खरखरीत लागतं एवढंच.

डॉक्टरांकडे गेल्यावर

पहिलं म्हणजे गोळी लपवू नका. "सांगितलं तर करणार नाहीत" म्हणून लपवणारे पेशंट असतात, आणि मग डॉक्टर नेहमीच्या सेटिंगवर मशीन चालवतात, जे तुमच्या त्वचेला जास्त होऊ शकतं. गोळीचं नाव, किती मिलिग्रॅमची, कधीपासून, शेवटची कधी घेतली, हे सगळं सांगा, जमलं तर स्ट्रिपचा फोटोच दाखवा. चेहऱ्याला काय लावता तेही सांगा. ट्रेटिनॉइन, अडापलीन, ग्लायकोलिक वगैरे साधारण आठवडाभर आधी बंद करायला लागतं. आणि गोरं होण्यासाठी म्हणून मेडिकलमधून आणलेली ट्यूब वापरत असाल, ज्यात स्टिरॉइड असतं, तर ते अगदी आवर्जून सांगा. त्याने त्वचा इतकी पातळ झालेली असते की माझ्या मते गोळीपेक्षा ती ट्यूब जास्त घातक.

दुसरं, तुमच्या अंगावरचे जुने व्रण दाखवा. डाव्या दंडावरची बीसीजीची खूण बघा, कान-नाक टोचलेली जागा बघा, अपेंडिक्स किंवा सिझरचा टाका असेल तर तो. जखमेच्या मापापेक्षा मोठा, फुगीर, टणक, खाजणारा व्रण असेल तर त्याला केलॉइड म्हणतात आणि तशी प्रकृती असेल तर गोळी असो नसो, मुरुमांच्या खड्ड्यांसाठीचं लेझर करताना दहादा विचार करावा लागतो. छाती, खांदे आणि जबड्याची कड इथे हे जास्त होतं. ओठाच्या कडेला वारंवार पाण्याचे फोड येत असतील तर तेही सांगा, लेझरने ते उसळू शकतात, आधी त्यासाठीची वेगळी गोळी देऊन ते टाळता येतं.

तिसरं, विचारा की मशीन कुठलं आणि चालवणार कोण. केसांसाठी आपल्या रंगाला डायोड किंवा लाँग पल्स एनडी याग बरं पडतं, त्यातही रंग जितका सावळा तितका एनडी यागकडे कल. आयपीएल म्हणजे खरं तर लेझर नाहीच, तो वेगवेगळ्या लांबीच्या किरणांचा मिश्र प्रकाश, आणि सावळ्या त्वचेवर भाजण्याचा धोका त्यात जास्त. ऑनलाइन मिळणारी घरगुती आयपीएल मशीनं या गोळ्यांच्या काळात बाजूलाच ठेवा, तिथे तुमची त्वचा बघून सेटिंग ठरवणारं कोणी नसतं. डॉक्टर म्हणजे त्वचारोगाचे एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमावाले, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर बोर्डावर असतो, तो बघायला लाजू नका.

एखादे डॉक्टर "मी सहा महिने थांबूनच करतो" म्हणाले तर ते जुन्या विचाराचे असा शिक्का मारू नका, माहितीपत्रकात तसंच लिहिलंय आणि काही घडलं तर जबाबदारी त्यांची असते. कारण विचारा, पटलं नाही तर दुसऱ्या त्वचातज्ज्ञांचं मत घ्या. पण लेझरसाठी म्हणून गोळी आपल्या मनाने मधेच बंद करू नका. कोर्स अर्धवट राहिला की मुरुम परत उसळतात आणि ज्या खड्ड्यांसाठी लेझर करायचं होतं तसेच नवीन खड्डे पडतात. आयसोट्रेटिनॉइनच्या पहिल्या एक-दोन महिन्यांत काहींचे मुरुम आधी वाढतात, त्या काळात चेहऱ्यावर लेझर नको, पू भरलेल्या फोडांवर तर मुळीच नाही.

पॅच टेस्ट कशी असते

पॅच टेस्टशिवाय पूर्ण सेशन घेऊ नका, यात तडजोड नाही. जबड्याच्या खालच्या बाजूला किंवा कानाच्या पुढे, सहज दिसणार नाही अशा जागी दोन-चार शॉट्स मारतात. आधी डोळ्यांवर पूर्ण झाकणारा चष्मा किंवा शील्ड, गोळीने डोळे कोरडे पडतात त्यामुळे लेन्स लावून जाऊ नका. मग थंड जेल, मग रबरबँड फटकन लागावा तसा चटका आणि जळक्या केसांचा वास. पाच-दहा मिनिटांत प्रत्येक केसाच्या मुळाशी बारीक लाल फुगवटा येतो, अंगावर काटा यावा तसा. हे बरोबर लक्षण आहे, याचा अर्थ किरण मुळापर्यंत पोचला. पण त्या चौकोनाची सगळी त्वचाच पांढरट किंवा राखाडी पडली, फोड आला, किंवा आग तासाभरानंतरही कमी होत नसेल तर सेटिंग जास्त आहे.

निदान दोन दिवस थांबायचं, आणि गोळी चालू असलेल्यांनी दोन ते चार आठवडे थांबलं तर अजून चांगलं, कारण आपल्या त्वचेवरचा काळा डाग लगेच दिसत नाही, उशिरा वर येतो. रोज एकाच खिडकीपाशी एकाच उजेडात फोटो काढून ठेवा. टेस्ट नीट गेली तरी पहिलं सेशन कमी सेटिंगवर आणि दोन सेशनमधलं अंतर नेहमीपेक्षा थोडं जास्त ठेवायला सांगा.

केसांच्या लेझरआधी चार आठवडे वॅक्स, थ्रेडिंग, प्लकिंग काही करायचं नाही, मुळासकट केस उपटला की लेझरला पकडायला काही राहत नाही. आदल्या दिवशी फक्त रेझर. आणि गालावरची बारीक मऊ लव लेझरने काढायचा हट्ट सोडा, तिच्यात रंगच कमी असतो, ती जात तर नाहीच, कधीकधी उलट जाड होऊन बसते.

नंतरची काळजी

पहिल्या दिवशी थंड पाण्याची घडी, बर्फ थेट नाही. गोळीने त्वचा आधीच कोरडी असते म्हणून मॉइश्चरायझर दिवसातून तीन-चार वेळा, साधं, वास नसलेलं. तीन-चार दिवस साबण, फेसवॉश, गरम वाफ, जिममधला घाम हे टाळा. सनस्क्रीन ३० किंवा ५० एसपीएफचं, दोन बोटांवर लांब रेघ काढून तेवढं चेहऱ्याला आणि मानेला, बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी परत. टू-व्हीलरवर स्कार्फ बांधला म्हणून सनस्क्रीन नको असं होत नाही, पातळ सुती कापडातून ऊन आत येतंच, आणि घट्ट खरखरीत स्कार्फ ताज्या लेझरवर घासला जातो तो त्रास वेगळा. एप्रिल-मेमध्ये रोज उन्हातून जावं लागत असेल तर सरळ पावसाळ्यानंतरची तारीख घ्या. खपली धरली तर ती आपोआप पडू द्या, नखाने काढली की डाग पक्का.

लग्न ठरलेल्यांनी हिशोब उलटा मांडावा. केसांचं लेझर सहा ते आठ सेशनचं असतं, चेहऱ्यावर दर चार ते सहा आठवड्यांनी, म्हणजे तुळशीच्या लग्नानंतरची तारीख असेल तर वसंतातच सुरुवात हवी. शेवटचं सेशन हळदीच्या निदान महिनाभर आधी, आणि हळदीला चेहरा घासू देऊ नका, बेसन-हळदीचं जाड उटणं ताज्या त्वचेवर नको, बोटाने हलकं टेकवलं तरी विधी होतो, मावशी-काकूंना आधीच सांगून ठेवा. आणि आयसोट्रेटिनॉइन घेत असाल तर लेझरपेक्षाही मोठी गोष्ट, या गोळीने पोटातल्या बाळाला गंभीर व्यंग येऊ शकतं, गोळी चालू असताना आणि बंद केल्यावर एक महिना गर्भ राहता कामा नये. लग्नाची तारीख डॉक्टरांना सांगा, संकोच करू नका. तेवढ्याच काळात रक्तदानही करायचं नाही.

लाली एक-दोन दिवसांत ओसरते, फ्रॅक्शनलनंतर आठवडाभर राहू शकते. फोड, पू, ताप, वाढत जाणारी दुखण, किंवा दहा दिवसांनंतरही न भरलेली ओली जागा असेल तर त्याच दिवशी क्लिनिकला फोन करून फोटो पाठवा, घरच्या घरी हळद, टूथपेस्ट, कोरफड काही लावत बसू नका. आणि सगळं छान भरलं असं वाटल्यावरही पुढचे दोन-तीन महिने आठवड्यातून एकदा लेझरच्या जागेवरून बोट फिरवून बघा. कुठे टणक, उंच, खाजरी रेघ लागायला लागली तर तपासणीच्या तारखेची वाट बघू नका, तेव्हाच दाखवा, सुरुवातीला इंजेक्शन आणि सिलिकॉन जेलने ती बऱ्यापैकी बसवता येते, जुनी झाली की अवघड जातं.